पाण्याची धार आणि ब्रश

ब्रशचे केस दोन दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेखाली नीट पोहोचत नाहीत, आणि हिरड्यांचा दाह बहुधा तिथूनच सुरू होतो. ही उणीव भरायला १९६२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोत एका दंतवैद्याने आणि एका अभियंत्याने स्पंदनांसह पाणी फेकणारे यंत्र तयार केले. आज ते आपल्याकडेही मिळते. मात्र ते ब्रशची जागा घेऊ शकत नाही. दातांवरचा चिकट थर घासल्याशिवाय सुटत नाही. २००८ च्या एका संशोधन-आढाव्यातही ब्रशला धारेची जोड दिल्याने दिसणारा थर आणखी कमी झाल्याचे आढळले नाही, हिरड्यांची स्थिती मात्र सुधारण्याकडे कल दिसला. माझ्या मते हा विरोधाभास नाही: धार अन्नकण आणि सैल जंतू धुऊन नेते, थर ब्रश काढतो. मग दातांच्या फटीत फिरवायचा दोरा (फ्लॉस) पुरेसा नाही का, असे कोणी विचारील. ज्याला तो रोज नीट फिरवता येतो त्याला हे यंत्र घेण्याची निकड नाही. पण दातांना तारा असलेल्यांना, दातांचा पूल (ब्रिज) बसवलेल्यांना किंवा संधिवाताने बोटे आखडलेल्यांना दोरा जमणे फार कठीण, आणि या माणसांचा विचार आधी व्हायला हवा. नुसती चूळ भरून धारेइतका जोर मिळत नाही. आधी धार, मग फ्लोराइडची पेस्ट, म्हणजे फ्लोराइड धुऊन जाणार नाही. पाणी कोमट आणि जोर सुरुवातीला कमीच ठेवा. हृदयाच्या झडपेचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.