ढोलकी ऐकू येते, शब्द येत नाहीत



आमच्या घरात सध्या एकच तंटा आहे आणि तो आवाजाचा. आम्ही टेपरेकॉर्डर लावला की आतल्या खोलीतून नात ओरडते, “आबाजी, आवाज कमी करा ना जी!” कमी करावा तर गाणे कळत नाही, वाढवावा तर सूनबाई दार लावून घेते. सौ. म्हणतात, “तुमचा टेप तर ठेसनापर्यंत ऐकू जाते!” गंमत अशी की बल्हारशा स्टेशनातील इंजिनाचा भोंगा आम्हांला घरबसल्या स्पष्ट ऐकू येतो; पण शेजारी उभी राहून सूनबाई ‘चहा घ्या’ म्हणाली, तर ते ‘या’ एवढेच पोहोचते.

हे दुखणे एका दिवसात आले नाही. तरुणपणाची बरीच वर्षे यंत्रांच्या घरघराटात गेली. कानात घालायला काही असते हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी मित्र हसतील म्हणून घातले नसते! त्यात वस्तीच्या जयंतीचे साउंड आमच्याकडे. अँप्लिफायर, दोन कर्णे, माइकची वायर हे सारे आमच्या खोलीत ठेवलेले असे. मिरवणुकीत बैलबंडीवर कर्ण्याच्या शेजारी बसण्याचा मान आमचा. तीन तीन तास! त्या मानाची किंमत आता कळते आहे.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. उंच पट्टीचे स्वर ऐकणाऱ्या पेशी आधी जातात. आवाजाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा दिसतो, तो यामुळेच. ढोलकीचा धुमा, पेटीचा खर्ज, गायकाचा भारदस्त आवाज खालच्या पट्टीत असतात, म्हणून ते राहतात. स, श, च, ट, फ ही अक्षरे मात्र वरच्या पट्टीत मोडतात, ती गळतात. म्हणजे गाणे ऐकू येते, पण काय गायले ते कळत नाही.

आता आमच्या गाण्यांचा विचार करा. वामनदादा कर्डक १९२२ साली जन्मले आणि २००४ साली गेले. त्यांचे गाणे खेड्यापाड्यांत पोहोचले ते शब्दांच्या बळावर. चाल साधी, साथ मोजकी. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही ते शब्द पाठ होते. अशा गाण्यातून शब्द गेले तर मागे काय उरते?

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या रात्री भीमगीतांचा सामना होता. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकला, सगळा मंडप उसळला. आम्हीही टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या नातीने विचारले, “आबाजी, काय म्हटलं जी त्यानं?” आम्हांला काही सांगता येईना. ज्या मंडपाची वायर आम्ही ओढायचो, त्याच मंडपात आम्ही खोट्या टाळ्या वाजवत बसलो होतो. त्यानंतर सहा महिने कोणत्याच कार्यक्रमाला गेलो नाही. कोणी विचारले तर गुडघ्याचे नाव पुढे करायचो.

शेवटी सौ.नी चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीत काही दुखत नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक स्वर ऐकू आला की बटण दाबायचे. मग कानाचे मशीन आले. बोलणे सुधारले, पण पहिल्याच दिवशी कॅसेट लावली तर पेटीचा लांब स्वर थरथरू लागला! वाटले, टेप बिघडला. टेप ठीक होता. मशीनला शिटी मारायची खोड असते, ती दाबण्याची सोय त्यात असते, आणि बासरीचा किंवा पेटीचा धरलेला स्वर तिला शिटीच वाटतो. आम्ही मशीन कपाटात ठेवून दिले. येथे आमची चूक झाली, कारण परत जाऊन सांगायला हवे होते. पुढे सांगितले तेव्हा त्यांनी गाण्यासाठी वेगळी जुळणी करून दिली. शिटी आणि गोंगाट दाबणारी सोय त्यात बंद, लहानमोठा आवाज एकसारखा करण्याचे काम कमी. बटण दाबले की बोलण्याचे मशीन गाण्याचे होते. ही मशीने मुळात बोलण्यासाठी बनवलेली असतात. आपण गाणे ऐकतो हे आपणच सांगावे लागते.

टेपच्या बाबतीतही आम्ही शहाणे झालो. आवाजाचे बटण आता अर्ध्याच्या वर जात नाही. असा कान हळू आवाज ऐकत नाही आणि मोठा सोसत नाही. मधली वाट अरुंद असते. त्याऐवजी ट्रेबल वाढवतो, बास उतरवतो, स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून काढून समोर हाताच्या अंतरावर ठेवतो. रात्री कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन मशीनवरूनच घालतो, मग घरात शांतता. जुन्या कॅसेटची जी सरसर लोकांना छळते, ती आम्हांला ऐकूच येत नाही. एवढा एक फायदा!

परंतु डीजेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा असा एक हिशेब आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. लहान लेकरांना खांद्यावर घेऊन त्या भिंतीसमोर नाचणारे बाप पाहिले की आम्हांला आमची बैलबंडी आठवते. कारखान्यातील आवाजाने येणारे बहिरेपण कायद्याच्या आजारांच्या यादीत आहे. मिरवणुकीतल्या आवाजाने आले तर त्याची नोंद कोण ठेवणार? मंडळाच्या पोरांनो, निदान लेकरांना मागे ठेवा.

पाठ असलेली गाणी आम्हांला चांगली ऐकू येतात, कारण गळलेली अक्षरे मन भरून काढते. अडते ते नव्या गाण्यांशी. त्यावर तोडगा नातीने काढला. ती मोबाइलवर गाणे ऐकते, थांबवते, पुन्हा ऐकते आणि वहीत शब्द लिहून देते. ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, पण अक्षर मोठे काढते. वही मांडीवर घेऊन आम्ही गाणे लावतो. गेल्या रविवारी तिसरे गाणे लिहून झाले. एका ओळीपाशी ती अडली होती आणि म्हणाली, “हा शब्द मलाबी समजला नाही जी.” मग दोघांनी मिळून ती ओळ पाच वेळा लावली.