सुवासिक साखर

या सदरांत केक, बिस्किटें, नानकटाई इत्यादि भट्टींत भाजावयाच्या पदार्थांविषयीं आम्ही अधूनमधून लिहीत असतों. त्या निमित्तानें घरोघरीं चाखावयास मिळालेल्या जिनसांवरून एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली आहे. पदार्थ फुगलेला असतो, रंग उत्तम असतो, करणारणीचा हात हलका असल्याचेंही दिसतें. परंतु वास मात्र सर्वांचा एकच. पुण्यांतील सूनबाईंचा केक आणि नागपुरांतील वन्संचीं बिस्किटें डोळे मिटून हुंगलीं तर घर ओळखतां येणार नाहीं. कारण उघड आहे. दोहोंतही दुकानांतील एकाच अर्काचे चार थेंब पडलेले असतात. वास्तविक वास हा पदार्थाचा पहिला घांस होय, आणि तो आपल्या घरचा असावा अशी इच्छा कोणत्या गृहिणीस नसेल? यावर एक जुना, स्वस्त व सोपा उपाय आहे. तो म्हणजे घरीं केलेली सुवासिक साखर.

हा उपाय खरें पाहतां आम्हांस बाहेरून शिकावयास नको होता. तो आमच्या घरांतच होता. आमच्या आत्याबाई तरुणपणींच वैधव्य आल्यामुळें माहेरीं राहिल्या होत्या. कोठीच्या खोलींत त्यांचा एक पितळी डबा असे. श्रीखंडासाठीं अथवा पुरणासाठीं वेलदोडे सोलले कीं टरफलें त्या डब्यांत जात. जायफळ उगाळतां उगाळतां बोटांत धरवेनासें झालें कीं तो तुकडाही तेथेंच. वर साखर. दिवाळीच्या आधीं व मे महिन्याच्या सुटींत मैदा, तूप आणि साखर घरून नेऊन बेकरींत नानकटाई भाजून आणण्याची चाल तेव्हां आमच्याकडे होती. आम्हां मुलांची स्वारी डबे घेऊन निघाली कीं आत्याबाई आपल्या डब्यांतील साखर चाळून, मोजून हातीं देत आणि बजावीत, "बेकरीतली साखर घेऊं नका रे, हीच घालायला सांगा." टरफलांच्या त्या संग्रहास आम्ही चिक्कूपणा म्हणून हसत असूं. नानकटाई मात्र वाड्यांतील सर्व बिऱ्हाडांत आमचीच अधिक वाखाणली जाई. आत्याबाई बाहेर भाजलेलें कांहीं खात नसत. तेव्हां ती त्यांनीं स्वतः कधीं तोंडांतही घातली नाहीं. पुढें त्या गेल्या, डबा मोडींत गेला, आणि प्रमाण काय होतें हें विचारावयाचें राहून गेलें.

घरीं विजेची भट्टी आल्यावर त्या वासाची आठवण झाली. प्रथम आम्हीं नुसतीं टरफलें साखरेंत पुरून ठेविलीं. पंधरा दिवसांनीं झांकण उघडून पाहतों तों वास अगदींच मंद. याचें कारण मागाहून उमजलें. वेलदोड्याचें सुगंधी तेल मुख्यत्वें दाण्यांत असतें. टरफलास लागून येतो तो त्याचा अंश. आत्याबाईंच्या डब्यांत वर्षभर भर पडत असे, आणि टरफलांना चिकटून चार दाणेही जात असले पाहिजेत, हें आमच्या लक्षांत आलें नव्हतें. जायफळाच्या तुकड्यांची आठवण तर आमच्या धाकट्या काकूंनीं करून दिली. असें चुकतमाकत जें प्रमाण जमलें तेंच पुढें देत आहों.

कृतीच्या आधीं तिचें मर्म सांगणें अवश्य आहे. मसाल्यांचा व फळांच्या सालींचा वास हा त्यांतील उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. बंद बरणींत तें तेल बाहेर जाऊं शकत नाहीं व साखरेच्या असंख्य कणांवर बसून राहतें. शिवाय साखरेचा कण धारदार असतो; तिच्याबरोबर साल चोळली म्हणजे सालीवरील तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात. परंतु साखर जसा वास धरते तसा ओलावाही धरते. या दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या कीं पुढील सर्व कृतींचें कारण आपोआप कळतें.

पहिली कृति वेलदोडा-जायफळाच्या साखरेची. साखर २५० ग्रॅम, पंधरा-वीस वेलदोड्यांचीं टरफलें, आठ वेलदोड्यांचे दाणे आणि जायफळाचा एखादा उरलेला तुकडा घ्यावा. टरफलें दोन-तीन तास सावलींत पसरून कोरडीं करावीं. दाणे दोन चमचे साखरेबरोबर खलांत कुटावे. नुसते कुटले तर ते उडतात, साखरेबरोबर मात्र झटकन् बारीक होतात. कांचेच्या कोरड्या बरणींत साखर, टरफलें व कुटलेले दाणे यांचे थर द्यावे, मध्यें जायफळ पुरावें व झांकण घट्ट लावावें. दर दोन-तीन दिवसांनीं बरणी हालवावी. पंधरा दिवसांनीं साखर चाळून वापरावी. राहिलेलीं टरफलें नव्या साखरेंत पुन्हां घालावीं, आणि तीं अगदींच निर्गंध झालीं म्हणजे चहाच्या आधणांत टाकावीं.

या साखरेची नानकटाई करावयाची असल्यास ती दळून घ्यावी. मैदा २०० ग्रॅम, थिजलेलें तूप १२५ ग्रॅम, ही पिठीसाखर १०० ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ हें प्रमाण आम्हांस चांगलें साधलें आहे. तूप व साखर पांढरीशुभ्र व हलकी होईपर्यंत फेसावीं, मैदा चाळून मिसळावा व गोळे करून किंचित् चपटे करावे. भट्टी आधीं तापवून १६० अंश सेल्सिअसवर अठरा ते वीस मिनिटें भाजावें. वरून तांबूस होऊं देऊं नये. भट्टींतून काढतांना नानकटाई मऊ लागते. ती कच्ची राहिली असें समजून पुन्हां आंत लोटण्याची घाई करूं नये. निवाल्यावर ती खुसखुशीत होते. भट्टीच्या तापानें कांहीं वास उडून जातोच. यासाठीं थोडी साखर बाजूस ठेवून पदार्थ बाहेर काढल्याबरोबर वर भुरभुरावी.

दुसरी कृति संत्र्याच्या सालीची. आंबिया बहाराचीं नागपुरी संत्रीं हिवाळ्याच्या तोंडीं व मृग बहाराचीं त्यानंतर वसंताच्या सुमारास येतात. दोन्ही वेळां टोपल्यांनीं साली बाहेर जातात. दोन संत्रीं कोमट पाण्यानें चोळून धुवावीं व पुसून अगदीं कोरडीं करावीं. सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग बारीक किसणीनें किसावा. आंतील पांढरा भाग कडू असतो, तो येऊं देऊं नये. संत्र्याची साल सैल असल्यामुळें फळ सोलण्यापूर्वींच किसणें सोईचें पडतें. हा कीस २०० ग्रॅम साखरेंत घालून बोटांनीं चोळावा. साखर ओलसर व केशरी दिसूं लागली म्हणजे तेल उतरलें असें समजावें. नंतर ती परातींत पातळ पसरून, वर विरळ फडकें घालून, हवेशीर सावलींत एक-दोन दिवस वाळवावी आणि खडे फोडून भरावी. लिंबाच्या सालीची साखरही अशीच होते.

येथें आमची एक फजिती सांगितली पाहिजे. पहिल्या वेळीं आम्हीं ही साखर न वाळवितांच बरणींत भरली, आणि तेंही श्रावणांत. इतकेंच नव्हे तर एक बरणी मोठ्या हौसेनें सूनबाईंच्या माहेरीं धाडली. महिन्याभरानें विहीणबाईंनीं विचारलें, "ती खायची होती ना?" आमची बरणी उघडून पाहिली तों आंत तपकिरी, चिकट गोळा व वर आंबूस वास. सालीच्या ओलाव्यानें साखरेचा पाक झाला होता. विहीणबाईंनीं तो विषय पुन्हां काढला नाहीं हा त्यांचा चांगुलपणा. पण तेव्हांपासून ओल्या वस्तूंची साखर आम्ही पावसाळ्यांत करीत नाहीं. आपल्याकडील गुलकंद ही याचीच दुसरी बाजू आहे. तेथें पाकळ्यांच्या ओलाव्यानें खडीसाखर विरघळावी हाच हेतु असतो. परंतु भट्टीच्या पदार्थांसाठीं गुलाबाची साखर हवी असेल तर औषध न फवारलेल्या गांवठी गुलाबाच्या पाकळ्या आधीं कडकडीत वाळवून मगच साखरेबरोबर वांटाव्या.

तिसरी कृति व्हॅनिलाची. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत ही साखर घरोघरीं असते. व्हॅनिला ही मेक्सिकोकडील एका ऑर्किड जातीच्या वेलाची शेंग होय. हा वेल दुसऱ्या देशांत नेला तर फुलें येत, पण शेंग धरत नसे. फूल उमलतें तेंही जेमतेम एक दिवस. १८४१ सालीं बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, एद्मों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें लहानशी काडी व आंगठा यांच्या साह्यानें फुलांतील पराग योग्य जागीं पोंचविण्याची युक्ति काढली. आजही मळ्यांत हाच प्रकार हातानें करतात. या युक्तीवर मळेवाले धनवान् झाले. १८४८ सालीं गुलामगिरी बंद होऊन मोकळा झालेला आल्बियुस मात्र १८८० सालीं दारिद्र्यांतच वारला. ज्यानें जगाला हा सुगंध मिळवून दिला त्याच्या वांट्यास त्यांतील कांहीं आलें नाहीं.

१८७४ सालीं टीमान व हारमान या जर्मन रसायनज्ञांनीं या शेंगेंतील मुख्य सुगंधी द्रव्य, व्हॅनिलिन, कृत्रिम रीतीनें बनविलें. बाजारांतील स्वस्त अर्कांत बहुधा हेंच असतें. तें विषारी आहे असें मुळींच नव्हे. परंतु खऱ्या शेंगेंत त्याच्या जोडीस इतर शेंकडों सुगंधी द्रव्यें असतात, म्हणून तिचा वास भरीव लागतो. जर्मन भाषेंत खऱ्या व्हॅनिलाच्या साखरेस एक व व्हॅनिलिनच्या साखरेस दुसरें अशीं दोन नांवें आहेत. शेंग महाग असते हें खरें. पण एक शेंग २५० ग्रॅम साखरेस पुरते. ती उभी चिरावी, आंतील काळे बारीक दाणे खिरींत अथवा कस्टर्डांत वापरावे, आणि रिकामी शेंग कोरडी करून साखरेंत पुरावी. दोन-तीन आठवड्यांत साखर घमघमते. ही कृति वाचतांना आम्हांस हसूंही आलें व थोडी लाजही वाटली. दाणे पक्वान्नांत आणि टरफल साखरेंत, हें आत्याबाईंच्या डब्यावाचून निराळें काय होतें?

आतां दोन सूचना. कोणतीही सुवासिक साखर ही अखेर साखरच. ज्यांना मधुमेह आहे त्यांना ती अधिक मानवेल अशी कल्पना करून घेऊं नये. मात्र जिभेला गोड लागण्यांत नाकाचाही वांटा असतो. व्हॅनिलासारख्या वासानें तेवढीच साखर अधिक गोड भासते. म्हणून बिस्किटांतील साखर दशांशानें कमी केली तरी कोणास कळत नाहीं. केकांत मात्र साखरेवर मऊपणाही अवलंबून असतो. तेथें फार काटछाट करूं नये. दुसरी सूचना बरणीच्या जागेविषयीं. ती चुलीपासून व उन्हापासून दूर असावी, आणि हिंगाच्या डबीशेजारीं तर कदापि नसावी. साखर चांगला वास जितक्या तत्परतेनें घेते तितक्याच तत्परतेनें हिंगाचाही घेते.

गेल्या दिवाळींत वेलदोडा-जायफळाच्या साखरेची पहिली खेप आम्हीं घरच्या भट्टींत भाजली. धाकट्या काकूंनीं एक नानकटाई देवापुढें ठेविली, एक हातांत घेतली, आधीं हुंगली व मग खाल्ली. "वास वन्संच्याच डब्याचा आहे," त्या म्हणाल्या; "पण जायफळ कमी पडलंय." किती कमी, हें त्यांनाही सांगतां येईना. ज्यांच्या घरीं अशा कोणी आत्याबाई, मावशी किंवा आजेसासूबाई आजही कोठींत वावरत असतील, त्यांनीं हा अंक खालीं ठेवून आधीं त्यांच्याजवळ जाऊन बसावें व जें विचारावयाचें तें विचारून, मोजून, लिहून घ्यावें. आमच्या कृति त्यानंतर वाचल्या तरी चालतील.

आमच्या बरणीवर "आत्याबाईंची साखर" अशी चिठ्ठी लाविली आहे व तिच्याखालीं सर्व प्रमाण लिहिलें आहे. जायफळाचा आंकडा तेवढा पेन्सिलीनें लिहिला आहे.