पायाची सूज आणि मिठाचा पुडा



आपल्या वयाच्या बायका एकत्र जमल्या की गुडघ्यांनंतर हमखास निघणारा विषय म्हणजे पायाची सूज. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, जोडवी निघत नाहीत, बांगडी मनगटावर अडते. यावरची उत्तरंही ठरलेली. "वय झालं", "वात आहे", "थोडं पाणी धरतंय." मी कॉमर्सची, आयुष्यभर घरखर्चाची वही ठेवलेली. कारण न शोधता सूज सरळ वयाच्या खात्यावर टाकायची, हे मला मुळीच मान्य नाही.

परीक्षा घरीच करता येते. नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा. काढल्यावर खळगा राहिला, तर आत पाणी साठलंय. पाणी साठण्याची कारणं मात्र वेगवेगळी. हृदयाचा जोर कमी पडला की पाय सुजतात आणि आडवं झालं की दम लागतो. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगतं, लघवीला फेस येतो. थायरॉइड, यकृत, रक्तातलं प्रथिन कमी होणं, हीही कारणं आहेतच. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे तेल चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तासाभराचीही वाट बघू नका.

आणि औषधं! माझ्या जाऊबाई वर्षभर गोखरूचा काढा पीत होत्या. सूज तसूभर हलली नाही. शेवटी नव्या डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं बघितली आणि रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन बदलून दिली. पंधरा-वीस दिवसांत घोटे दिसायला लागले. त्या गोळीने काहींचे पाय सुजतात, हे डॉक्टरांना ठाऊक असतं, पण आपण सांगितलं तर ना! गुडघ्यासाठी स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. म्हणून दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. मनाने बंद मात्र एकही करू नका, आणि शेजारणीची 'पाण्याची गोळी' तर अजिबात घेऊ नका. तिने शरीरातले क्षार खालीवर होतात, चक्कर येऊन पडायला होतं.

आता माझ्या आवडीचा विषय, मिठाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट चहाचा चमचा. चार माणसांच्या घरात दिवसाचे 20 ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा 50 दिवस पुरला पाहिजे. तुमच्याकडे महिन्याला संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलं. पापड, लोणचं, बाजारची शेव यांतलं मीठ या पुड्याच्या बाहेरचं. ढोकळ्यातला सोडा खारट लागत नाही म्हणून आपण तो मोजत नाही, पण चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. दिवसभराची मर्यादाच मुळी दोन ग्रॅमची आहे. पापडखाराचंही तेच. (पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस म्हणून कटाक्षाने पाळणाऱ्या घरात फरसाणाचा पुडा कुठल्या मर्यादेत बसतो, हे मला अजून कळलेलं नाही.)

सैंधवाने सूज येत नाही, ही समजूत सोडा. सैंधवही बहुतांशी तेच मीठ आहे. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. विचारल्याशिवाय आणू नका.

आपल्याकडे रसपरित्यागात मीठ आहेच, आणि पुष्कळ घरांत रविवारी अळणी जेवतात. सुंदर प्रथा आहे. पण रविवारचं अळणी जेवण सोमवारच्या लोणच्यात वसूल करायचं नसतं. सुजेला रोजचं थोडं कमी लागतं. भाकरीच्या पिठातलं मीठ काढा, ताटात वाढायचं मीठ बंद करा. आठ-पंधरा दिवस घरचे कुरकुरतात, मग जीभ वळते.

पाणी कमी प्यायल्याने सूज उतरते, हाही गैरसमज. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टरांनी माप ठरवून दिलं असेल तर तेवढंच प्यावं. बाकीच्यांनी तहान मारू नये. सूर्यास्तानंतर पाणी बंद असेल तर ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे गोळीची वेळ ते त्याप्रमाणे ठरवतील. दशलक्षण पर्वाच्या आधीही त्यांच्याकडे एक फेरी मारा. लघवीची गोळी चालू ठेवून निर्जल उपवास करणं मला तरी धाडसाचं वाटतं. मोठ्या उपवासानंतर पारण्याला एकदम खारट, गोड, भरपूर खाल्लं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पाय सुजतात. जुन्या बायका मुगाच्या पाण्यावर सुरुवात करायच्या, ते अगदी बरोबर होतं.

माझा खरा राग वेगळाच आहे. चौका लागला की पहाटेपासून उभी असलेली बाई, आहार झाल्यावर सगळ्यांना वाढून दुपारी दोनला जेवते, आणि तिचं आपण कौतुक करतो, "बाई दमत नाही हो!" पोटरीचा स्नायू आखडला-सैलावला की रक्त वर ढकललं जातं. तासन् तास एका जागी उभं राहिलं, किंवा मांडी घालून बसलं, की तो पंप बंद आणि पाणी खाली घोट्यात. तेव्हा ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा, भाज्या बसून निवडा, दर अर्ध्या तासाला टाचा वर-खाली करा. दुपारी पंधरा-वीस मिनिटं पाय उशीवर छातीपेक्षा उंच ठेवून पडा. सून किंवा सासू पडलेली दिसली की "बरं नाही का?" विचारायची सवय घराने सोडावी. मंदिरात खुर्चीवर बसणारीकडे वळून बघणाऱ्यांनीही. कायोत्सर्ग बसूनही सांगितलाय.

घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितले तरच घ्या. पायाच्या रोहिण्या अरुंद असतील तर ते अपाय करतात. सांगितले असतील तर सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवा, सुजल्यावर चढत नाहीत.

आणि वजनाचा रोजमेळ ठेवा. सकाळी, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, कॅलेंडरच्या चौकटीत आकडा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते तुपाचं नव्हे, पाण्याचं. ते कॅलेंडर तसंच काढून डॉक्टरांपुढे ठेवा.