आधी केंद्रप्रमुखांच्या हाती खडू द्या

शिक्षकांनी संशोधनाच्या आधारे शिकवावे, असे हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. सांगणारे पडद्यावरची चित्रे बदलत राहतात आणि ऐकणारे बाकाखाली मोबाइल धरून त्या दिवशीची ‘अतितात्काळ’ लिंक भरत राहतात. ही लिंकही बहुधा त्याच खात्याची असते.

गंमत अशी की, जग ज्या संशोधनाचे दाखले देते त्यातले एक मोठे काम आपल्याच शाळांत झाले. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवले. त्यांना शिकवायला वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, म्हणजे ‘बालसखी’ नेमल्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी काही वर्गांना बालसखी दिली, काहींना दिली नाही आणि फरक मोजला. मुले पुढे सरकली. याच पद्धतीच्या कामासाठी या दोघांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले आणि आपण टाळ्या वाजवल्या.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि मुख्याध्यापकांच्या कामाची तीच आहे. उत्तराखंड आणि बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना मागे पडलेल्या मुलांना शिकवण्याची हीच पद्धत शिकवली, साहित्यही दिले. शाळेच्या नेहमीच्या दिवसांत त्यातून फारसे काही निघाले नाही. पण बिहारमध्ये उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच शिकवले, तेव्हा मुले वाचायला लागली. म्हणजे दोष शिक्षकाच्या कुवतीत नव्हता. अभ्यासक्रम संपवण्याची घाई नसलेला वेळ त्याला शिबिरात मिळाला, शाळेत मिळत नव्हता. हा धडा घेऊन 2012-13 मध्ये हरियाणात रोजचा एक तास फक्त या कामासाठी राखला. मुले इयत्तेप्रमाणे न बसवता, वाचता येते तिथपासून बसवली. आणि शाळांवर देखरेख करणाऱ्यांना आधी स्वतः पंधरा-वीस दिवस वर्गावर उभे केले. मुलांचे वाचन सुधारले.

आता आपल्या मनमाडकडे येऊ. रेल्वेचे जंक्शन, बदल्यांवर येणारी-जाणारी कुटुंबे, आणि नळाला पाणी कधी येणार यावर घराचा दिवस ठरवणारे गाव. पाण्याच्या दिवशी किती मुली गैरहजर राहतात? हजेरीपट आणि पाण्याचे वेळापत्रक शेजारी ठेवले तर अर्ध्या तासात उत्तर मिळेल. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुले परत येतात, तेव्हा त्यांचे वाचन कुठे थांबलेले असते? हे संशोधनच आहे, त्याला नोबेलवाल्यांची गरज नाही. मुख्याध्यापकाने हा प्रश्न विचारायचा, दोन शिक्षकांनी महिनाभर नोंदी ठेवायच्या आणि उत्तर पाहून वेळापत्रक हलवायचे. बी.एड. केलेल्या बहुतेकांनी कृती संशोधन केलेले असते. ते सोनेरी अक्षरांत बांधून कॉलेजच्या कपाटात गेले, एवढेच.

पण विचारणार कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला मुख्याध्यापक मिळतो तो पट 150 च्या वर गेला तर. त्याखालच्या शाळेत ज्येष्ठ गुरुजी किंवा बाई ‘प्रभारी’. वर्ग तोच, वर पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची माहिती आणि मतदार यादीसाठी बीएलओचे काम. याला शालेय नेतृत्व म्हणणे ही थट्टा आहे.

मग केंद्रप्रमुख विचारेल? शाळांच्या एका गटावर देखरेख करणारे हे पद राज्यात 1994 मध्ये निर्माण झाले ते शाळांना शैक्षणिक आधार मिळावा म्हणून. चांगले केंद्रप्रमुख आहेत, त्यांच्या केंद्रातल्या शिक्षकांना ते माहीतही आहेत. मात्र व्यवस्थेने या पदाचा टपालवाला केला. वरून आलेला नमुना खाली पाठवायचा, भरून आला की वर. केंद्राच्या शिक्षण परिषदेतही पहिला तास बहुधा सूचनांचा असतो आणि मग चहा.

काही जण म्हणतील, आधी रिक्त पदे भरा, मग संशोधनाचे बोला. पदे भरलीच पाहिजेत. पण नवा शिक्षक येऊन त्याच लिंका भरणार असेल, तर लिंक भरणारे हात तेवढे वाढतील. आणि दुसरी भीतीही खरी आहे: ‘पुरावा’ म्हटला की खाते शिक्षकाच्या मागे नवी तपासणी लावते. मुलांच्या नोंदी शिक्षकाला शिक्षा करण्यासाठी वापरल्या, की दुसऱ्या महिन्यापासून त्या सगळ्या छान येऊ लागतात.

तेव्हा जिल्हा परिषदेने आणि नगरपालिकेने निदान एवढे करावे. प्रत्येक केंद्रप्रमुखाला जूनमध्ये शाळा उघडल्यापासून वीस दिवस एका शाळेत तिसरीच्या वर्गावर शिकवायला पाठवावे आणि त्या वीस दिवसांत त्याच्याकडून एकही माहिती मागवू नये. शिक्षण परिषदेत सूचना कागदावर वाटाव्यात, वेळ एका शाळेच्या एका प्रश्नाला आणि तिच्या नोंदींना द्यावा. यासाठी नवे पद लागत नाही, निधी लागत नाही. वीस दिवस फोन न करण्याचा संयम लागतो, आणि तो वरच्या कार्यालयांनी दाखवायचा आहे.