समाजकार्याची पदवी आणि श्रेयांकांचे गणित

देशभरातील विद्यापीठांत पदवी अभ्यासक्रमांची फेरमांडणी सुरू आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो श्रेयांक-आराखडा जाहीर केला, त्याच्या चौकटीत प्रत्येक विषयाला स्वतःला बसवून घ्यायचे आहे. इतिहास किंवा अर्थशास्त्राला ते तुलनेने सोपे आहे. समाजकार्याच्या पदवीला मात्र नाही, कारण या विषयाचा गाभा वर्गाबाहेर आहे. तो गाभा आराखड्याच्या कोष्टकात कसा मांडला जातो, यावर उद्याच्या समाजकार्यकर्त्याची पात्रता ठरणार आहे. या प्रश्नाकडे धोरणकर्त्यांचे फारसे लक्ष नाही, याची मला चिंता वाटते.

हिशेब साधा आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक. त्यांपैकी मुख्य विषयाला किमान ६०. क्षेत्रकार्याच्या एका श्रेयांकासाठी सत्रभर आठवड्याला दोन तास धरले जातात. समाजकार्य शिक्षणातील जुना प्रघात आठवड्याला दोन दिवस क्षेत्रकार्याचा. दिवसाचे सहा तास धरले तर आठवड्याचे बारा तास, म्हणजे सत्राला सहा श्रेयांक आणि सहा सत्रांत ३६. मुख्य विषयाच्या साठांतून ते वजा केल्यावर उरतात २४, म्हणजे तीन वर्षांत चार श्रेयांकांच्या अवघ्या सहा सैद्धान्तिक अभ्यासपत्रिका. अभ्यास मंडळापुढे मग दोनच वाटा दिसतात : सिद्धान्त कापायचा किंवा क्षेत्रकार्य. ज्याला वेळापत्रक, खोली आणि लेखी परीक्षा आहे, ते सहसा वाचते. क्षेत्रकार्य आक्रसते आणि कधी कधी चार भेटी व एक छायाचित्रांनी सजवलेली वही एवढेच उरते.

याची किंमत कोण मोजतो? बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल सादर व्हावा लागतो. तो परिविक्षा अधिकाऱ्याने द्यायचा. तो उपलब्ध नसेल तर बाल कल्याण अधिकारी किंवा समाजकार्यकर्त्याने. मूल घरी परतावे की संस्थेत राहावे, याचा विचार मंडळ मोठ्या प्रमाणात या कागदावर करते. जिल्हा प्रशासनात असताना असे अनेक अहवाल माझ्या वाचनात आले. गावे वेगळी, मुले वेगळी. वाक्ये मात्र तीच : कुटुंब गरीब, वडील व्यसनी, संगत वाईट. शाळा नेमकी कोणत्या महिन्यात सुटली, घरात कमावते कोण, मुलाला सांभाळू शकेल अशी आत्या किंवा आजी शेजारच्या गावात आहे का, याची नोंद नसे. ते लिहिणारे आळशी नव्हते. घरात शिरून काय पाहायचे आणि जे दिसले नाही ते कसे विचारायचे, हे त्यांना कोणी बसवून शिकवले नव्हते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दोन दाखले आठवतात. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांच्या प्रशिक्षणाची अट घातली. सार्वजनिक कामाला केवळ सद्‌भावना पुरत नाही, हे त्यांना उमगले होते. दुसरा दाखला १९३६ चा. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झालेली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा म्हणजेच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट त्याआधीपासून नागपाडा येथील वस्तीकेंद्र चालवीत होते. म्हणजे आधी वस्ती आली, मग वर्ग. आज आपण हा क्रम उलटवीत आहोत.

म्हणून माझे म्हणणे असे की, पदवीचे नियोजन क्षेत्रकार्यापासून सुरू व्हावे आणि अभ्यासपत्रिका त्याभोवती रचाव्यात. आराखड्यात त्याला जागा आहे. मुख्य विषयाबाहेर कौशल्यवृद्धीला नऊ आणि भाषिक क्षमतेला आठ श्रेयांक आहेत. मुलाखत, नोंद आणि अहवालाचा मसुदा हे कौशल्य नव्हे तर काय? ज्या भाषेत अशील बोलते, त्याच भाषेत त्याचे म्हणणे अचूक लिहिता येणे, याहून मोठी भाषिक क्षमता कोणती? हे विषय तिकडे नेले, तर मुख्य विषयाच्या सहा पत्रिकांवरचा भार हलका होईल.

क्रमही जपावा लागेल. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अठरा वर्षांचा असतो. निरीक्षणगृहातील सतरा वर्षांच्या मुलाचा समुपदेशक म्हणून त्याला पाठवणे दोघांवरही अन्याय आहे. पहिल्या वर्षी त्याने अंगणवाडी, रेशन दुकान, प्राथमिक आरोग्य केंद्र, तहसील कार्यालय आणि ग्रामसभा पाहाव्यात. दुसऱ्या वर्षी व्यक्ती आणि कुटुंब, तिसऱ्या वर्षी गट आणि समुदाय. गोपनीयतेचा पाठ पहिल्या भेटीच्या आधी हवा, कारण बालकाची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. नव्या रचनेत ४० श्रेयांकांनंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. म्हणून काय करायचे याइतकेच, आपण काय करण्यास अद्याप पात्र नाही, हेही पहिल्या वर्षातच शिकवले पाहिजे.

मार्गदर्शनाचा प्रश्न पैशांशी जोडलेला आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास स्वतंत्र चर्चा द्यायची तर तीस तास लागतात. सहायक प्राध्यापकाचा अध्यापनभार आठवड्याला सोळा तासांचा; म्हणजे जवळजवळ दोन पदे केवळ याच कामासाठी हवीत. हे तास कार्यभारात मोजले नाहीत, तर चर्चा होणार नाही, फक्त वहीवर सही होईल.

लहान शहरांत विद्यार्थ्यांना पाठवण्याजोग्या संस्था नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. परंतु जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सरकारी रुग्णालय आणि पंचायत सर्वत्र आहेत. राज्य सरकारांनी त्यांची दारे लेखी कराराने उघडावीत. प्रवासखर्चाची अडचण मात्र खरी आहे. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलीला आठवड्यातून दोनदा तीस किलोमीटरचे बसभाडे जड जाते. ते तिच्या पदरी टाकून आपण अभ्यासक्रम उत्तम झाल्याचे म्हणू शकत नाही.

भारतीय प्रशासकीय सेवेतील नवख्या अधिकाऱ्याला शासन सुमारे वर्षभर जिल्ह्यात पाठवते आणि तेथील कामाला प्रशिक्षण मानते. तो खर्च कोणालाही वायफळ वाटत नाही. ज्याच्या अहवालावर एखाद्या मुलाचे घरी जाणे अवलंबून आहे, त्याच्या शिक्षणालाही हाच न्याय लावावा. अभ्यास मंडळांनी पुढच्या बैठकीत पत्रिकांच्या यादीआधी क्षेत्रकार्याचे वेळापत्रक मांडावे. बाकीचे कोष्टक त्यावरून ठरेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)