डास गटारात नव्हे, पिण्याच्या पाण्यात



मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका ताईंच्या यजमानांना हिवताप झाला. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, गोधडीवर गोधडी टाकली तरी दात वाजायचे आणि तासाभराने अंग तव्यासारखे तापायचे. ताई रडकुंडीला येऊन मला म्हणाल्या, "दादा, मी घर आरशासारखं ठेवते. एक भांडं उष्टं राहू देत नाही. मग मलेरिया माझ्याच घरात का? दवाखान्यात म्हणतात, तुमच्या वस्तीत घाण असते, म्हणून होतो."

हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. रोगराई झाली की बोट वस्तीकडे. म्हणून या खेपेस या वाक्याचाच समाचार घ्यावा असे ठरवले. मी डॉक्टर नव्हे, कारकून आहे, पण कागद चाळण्याची सवय आहे.

गटारात, तुंबलेल्या नाल्यात वाढतो तो क्युलेक्स डास. संध्याकाळी कानाशी गुणगुणतो, रात्रभर झोपू देत नाही, हत्तीरोग पसरवतो. परंतु हिवताप त्याच्याने होत नाही. हिवताप पसरवते ती ॲनाफेलिस जातीची मादी. ती भिंतीवर बसली की शेपटीकडची बाजू वर उचललेली दिसते, जणू कोणी खिळा तिरपा ठोकला आहे. शहरात हिवताप आणणाऱ्या जातीचे नाव आहे ॲनाफेलिस स्टीफेन्सी. हिला गटार आवडत नाही. हिला हवे असते स्वच्छ, साठवलेले पाणी : विहीर, हौद, पिंप, गच्चीवरची टाकी. म्हणजे ताईंच्या घरात डास आला असेल तर तो घाणीमुळे नव्हे. जे पाणी त्यांनी जपून भरून ठेवले, त्यातूनही तो येऊ शकतो.

या डासाचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. याचे पहिले शास्त्रीय वर्णन १९०१ साली लिस्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरने केले. तो तेव्हा एलिचपूरला, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला डासांचा अभ्यास करीत होता. त्याच्या चार वर्षे आधी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ॲनाफेलिस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले होते. त्यासाठी हुसेन खान नावाच्या एका रुग्णाने आपला हात डासांपुढे धरला. मोबदला ठरला होता दर डासामागे एक आणा. दहा डास चावले, दहा आणे मिळाले. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानचे पुढे काय झाले, हे कोणी फारसे विचारत नाही.

असो. मुंबईत हिवतापाने कहर केला तेव्हा डॉ. बेंटली यांनी चौकशी केली आणि १९११ साली अहवाल दिला. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. मुंबईच्या हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरींत आणि टाक्यांत आहे. विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा झाका. आता ज्यांच्या घरी स्वतःची विहीर, ते काही गरीब नव्हेत. नगरपालिकेने नोटिसा काढल्या तेव्हा विरोधही झाला, कारण विहिरीत देव असतो, आत्मा असतो, ती बंद केली तर कोप होतो, अशी कितीतरी घरांत श्रद्धा होती. महापालिकेतलेच एक अधिकारी आर. पी. मसानी यांनी या समजुती गोळा करून १९१८ साली इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले. सांगायचे ते एवढेच की, शंभर वर्षांपूर्वीच्या चौकशीतसुद्धा या रोगाचे बोट गटाराकडे नव्हते, मोठ्या घरांच्या आवाराकडे होते.

पुढे डीडीटी आली. ही फवारणी का लागू पडली, ते समजून घेण्यासारखे आहे. माणसाच्या रक्तातून जंतू डासाच्या पोटात गेले की ते पिकायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर तो डास चावला तरी रोग देत नाही. डासाचे आयुष्य मुळातच थोडे. रक्त पिऊन जड झालेली मादी जवळच्या भिंतीवर विसावते. त्या भिंतीवर औषध असेल तर ती जंतू पिकण्याआधीच मरते. प्रत्येक डास मारायची गरज नाही, त्याचे वय वाढू दिले नाही की झाले. आणि म्हणूनच फवारणीवाले गेल्यावर लगेच घर सारवून घेऊ नये असे सांगत. गावाकडे आयाबाया मात्र, पांढरे डाग पडले म्हणून, दुसऱ्याच दिवशी शेणामातीचा हात फिरवायच्या!

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याला निर्मूलनाचे नाव मिळाले, आणि १९६५ पर्यंत रुग्ण जेमतेम एक लाखावर आले. तेथे आपण ढिले पडलो. पैसा कमी पडला, डासांना डीडीटी पचू लागली, आणि शहरांकडे तर लक्षच नव्हते. शहरांसाठी वेगळी योजना निघाली ती १९७१ साली. १९७६ साली देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. जवळजवळ जिंकलेली लढाई हातची गेली.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेचीही तीच गत झाली होती. १९६३ साली त्या सबंध देशात फक्त १७ रुग्ण सापडले. मग फवारणी थांबली, आणि १९६८-६९ च्या साथीत पाच लाखांहून अधिक लोक आजारी पडले. परंतु त्यांनी धडा घेतला. पुढे अनेक वर्षे यादवी युद्ध चालू असतानाही हिवतापाचे कर्मचारी दोन्ही बाजूंच्या प्रदेशात काम करीत राहिले. ऑक्टोबर २०१२ नंतर तेथे स्थानिक लागणीचा रुग्ण सापडला नाही आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त जाहीर केला. त्याच वर्षाअखेरीस मन्नार भागातल्या विहिरींत काय सापडावे? आपली अचलपूरची स्टीफेन्सी! ती तेथे पूर्वी नव्हती. ते लोक पुन्हा विहिरी तपासायला लागले.

त्याहून वाईट गोष्ट आफ्रिकेत घडली आहे. तेथला हिवताप मुख्यतः खेड्यांतला, पावसाच्या डबक्यांतला. २०१२ साली जिबूती या लहानशा देशात स्टीफेन्सी डास आढळला. त्या वर्षी तेथे रुग्ण होते २७. २०२० साली झाले ७३ हजारांहून जास्त. इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना असा हा डास पसरला आहे. याला पाऊसही लागत नाही. उन्हाळ्यात माणसे पाणी साठवतात, तेवढे त्याला पुरते. जगात २०२३ साली सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने दगावली. त्यातली शंभरातली पंचाण्णव आफ्रिकेत, आणि तेथल्या मृतांत बहुतेक पाच वर्षांखालची लेकरे. त्यांच्यासाठी दोन लसी निघाल्या आहेत. त्यातली आर-२१ नावाची लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधली आणि ती बनते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. चार डोस द्यावे लागतात. लस हिवतापाच्या एकाच, जास्त मारक प्रकारावरची आहे. ताईंच्या यजमानांना झालेला 'व्हायव्हॅक्स' वेगळा.

आता ताईंच्या पिंपाकडे येऊ. आमच्या वस्तीत नळ येतो पहाटे, तासभर. पिंप भरले नाही तर दिवसभर पाणी नाही. अशा घराला 'पाणी साठवू नका' असे सांगणे म्हणजे 'जेवू नका' सांगण्यासारखे. चोवीस तास पाणी मिळाले तर कोण हौसेने पिंप भरील? तोवर आपल्या हातात आहे ते असे : अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामे करून, घासून, उन्हात कोरडे करायचे. नुसते झाकण पुरत नाही, फट राहते. जुन्या धोतराचे किंवा साडीचे कापड तोंडावर ताणून दोरीने आवळायचे. पाण्यात वळवळ दिसली तर ते पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतायचे. ॲनाफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पडून राहते, बाकीच्यांची डोके खाली करून लटकते, एवढे मुलांना एकदा दाखवावे. मुले फार लवकर ओळखतात.

धुराच्या गाडीवर मात्र विसंबू नका. निवडणुकीच्या सुमारास ती हमखास येते, पोरे मागे धावतात. धुराने उडते डास मरतात, टाकीतली अळी तशीच राहते.

आमच्याकडे महापालिकेचा माणूस आला तेव्हा आधी वस्तीतलीच पिंपे उघडून नोटिसांची भाषा करू लागला. आम्ही चार जणांनी त्याला हाताला धरून शेजारच्या बांधकामावर नेले. तळघरात गुडघाभर पाणी, स्लॅबवर साचवलेले पाणी, उद्वाहनाच्या खड्ड्यात पाणी, आणि तिन्हीकडे अळ्या. तेथले मजूर त्याच पाण्याशेजारी झोपतात, मच्छरदाणीशिवाय, आणि ताप आला तर रोज बुडेल म्हणून रक्त तपासायला जात नाहीत. मुंबईत २०१० साली पाऊण लाखाच्या वर रुग्ण आणि शंभराहून अधिक मृत्यू नोंदले गेले. वस्तीतल्या माणसाने अशा वेळी बांधकामे आणि इमारतींच्या टाक्या तपासा असा लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. आम्ही दिला. तळघरातले पाणी उपसायला त्यांना अकरा दिवस लागले.

राहिली गोळ्यांची गोष्ट. व्हायव्हॅक्सचे जंतू रक्तातून गेले तरी यकृतात दडून बसतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. त्या सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. गरोदर स्त्रीला व तान्ह्या मुलाला देत नाहीत, आणि काहींच्या रक्ताला त्या मानवत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. लघवी काळपट झाली तर ताबडतोब थांबवून दवाखाना गाठावा.

ताईंच्या यजमानांना दिवाळीच्या आधी पुन्हा हुडहुडी भरली. ताई म्हणाल्या, परत डास चावला असणार. मी फळीवरचे पाकीट काढून मोजले. चौदातल्या नऊ गोळ्या तशाच होत्या.