फिल्म कॅमेरा : आधी दोष दाखवा, मग पैसे मागा

डिजिटल कॅमेरे आले तेव्हा आमच्या अनेक कारागीर बांधवांनी कॅमेऱ्याची हत्यारे पेटीत टाकली आणि मोबाइल दुरुस्तीचे काउंटर मांडले. आता मुंबईच्या बोरा बाजारात आणि चोर बाजारात तरुण मुले पुन्हा याशिका मॅट, रोलिफ्लेक्स, मामिया विचारत येऊ लागली आहेत. गिऱ्हाईक परत आले ही आनंदाची गोष्ट आहे; पण त्याबरोबर एक वाईट खोडही आली. कॅमेरा न उघडताच "सगळे सील गेले" असे सांगून मोठी रक्कम मागायची आणि विकताना मात्र "एकदम ओके" म्हणायचे. १२० चा रोल ६ बाय ६ मध्ये अवघी १२ चित्रे देतो. ती गेली की रोलचे आणि धुलाईचे पैसे बुडतात, वर प्रसंगही परत येत नाही.

वास्तविक दोष कोठे आहे हे निगेटिव्हच सांगते. गिऱ्हाइकाकडून प्रिंट नव्हे, न कापलेली निगेटिव्हची पट्टी मागून घ्यावी. डाग चौकटीच्या बाहेर, दोन चित्रांमधल्या कोऱ्या जागेतही पसरला असेल तर प्रकाश पाठीमागच्या झाकणातून शिरतो. चौकटीच्या कडेवर तो नेमका थांबत असेल तर तो पुढून, म्हणजे लेन्सच्या बाजूने किंवा भात्याच्या भोकातून येतो. रंगीत फिल्मच्या चित्रात डाग लालसर दिसला तर प्रकाश बहुधा फिल्मच्या पाठीकडून आला असे समजावे. कॅमेऱ्यात चित्र उलटे पडते हेही ध्यानात ठेवावे. चित्राच्या वरच्या बाजूचा डाग म्हणजे कॅमेऱ्याची खालची बाजू. संपूर्ण रोलच्या दोन्ही कडा काळवंडल्या असतील तर पुष्कळदा सीलचा काही गुन्हा नसतो. रोल सैल गुंडाळला गेला किंवा उन्हात काढला, एवढेच.

खात्रीसाठी रोल वाया घालवण्याचे कारण नाही. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली ब्रोमाइड पेपरचा तुकडा फिल्मच्या जागी ठेवा, झाकण लावा, कॅमेरा दहा-पंधरा मिनिटे सगळ्या बाजूंनी उन्हात फिरवा आणि तुकडा धुवा. तो काळवंडला तर गिऱ्हाइकाच्या हातात द्या. त्याच्यासमोर याहून चांगली साक्ष नाही.

याशिकाच्या झाकणाच्या खोबणीतला फोम वर्षानुवर्षांच्या दमट हवेत कुजून काळ्या डिंकासारखा होतो. तो लाकडी काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा. थिनर लावू नये, रंग जातो. नवीन फोम नसेल तर काळ्या लोकरीचा धागाही खोबणीत चांगला बसतो. हॅसलब्लाडच्या मॅगझिनमध्ये डार्क स्लाइड जाते त्या फटीतली सील झिजते. बदलायची ती एवढीच, सबंध मॅगझिनचे पैसे कशाला?

धान्याच्या ढिगात ओला माल आत दडवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित (स.) यांनी कसे टोकले, हे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. गळका कॅमेरा गळका म्हणून कमी भावात विकायला कोणी मना केलेले नाही.

दुसरी तक्रार फिल्म सपाट न राहण्याची. येथे कारागीर बरेचदा लेन्सवर खापर फोडतो आणि चांगली लेन्स खोलून बिघडवतो. ३.५ अ‍ॅपर्चरला फिल्म साधारण दोन दशांश मिलिमीटर मागेपुढे झाली तरी चित्र मऊ पडते. कॅमेरा स्टँडवर ठेवून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून विटांच्या भिंतीची चार-पाच चित्रे घ्या. दर वेळी तोच कोपरा मऊ येत असेल तर लेन्सची पाटी किंवा फिल्मची प्रेशर प्लेट तिरकी आहे. मऊपणा जागा बदलत असेल तर फिल्म डुलते. प्लेटच्या स्प्रिंगा आणि स्पूलचा ताण पाहावा. १२० आणि २२० अशा दोन खुणा असलेली प्लेट १२० वरच आहे ना, हे सर्वांत आधी तपासावे. फुजीने २०१८ मध्ये २२० बंद केली, तरी जुन्या मालकाने प्लेट त्या खुणेवर ठेवलेली कॅमेरे येतातच.

काही वेळा मात्र दोष कोणाचाच नसतो. अर्धा रोल आठवडाभर कॅमेऱ्यात पडून राहिला की रोलरवर वळलेल्या जागी फिल्मला वाक येतो आणि पुढचे एक चित्र मऊ निघते.  अशा गिऱ्हाइकाकडून तपासणीचे पैसे अवश्य घ्यावेत, दुरुस्तीचे घेऊ नयेत.